सहाव्या डब्यातला पैलवान

जुने सिनेमे जपणाऱ्या निमिषने डब्याचं झाकण उघडून दाखवलं आणि फौजदार अपेक्षांनी नाकाला रुमाल लावला. आंबलेल्या फिल्मचा भपकारा आला. आत फिल्मच्या नुसत्या चिंध्या होत्या.

"सहावं रीळ गेलं," म्हातारा केरबा म्हणाला. "पैलवान देवळाचं खांब पाडतो, त्ये."

केरबा माणदेशातला मेंढपाळ. तरुणपणी मेंढरं सोडून तंबू टॉकीजमागे गेला आणि जत्रांतून इटलीच्या सिनेमांतले तेल चोपडलेले, तोकड्या घागऱ्यातले पैलवान दाखवत फिरला. टॉकीज मोडली, एका सिनेमाचे आठ डबे उरले. आता काचबिंदूने त्याला समोरचं नाण्याएवढंच दिसत होतं, तेही सरत आलेलं. उद्या सांगलीत निमिष त्या फिल्मची कॉम्प्युटरवर प्रत काढून त्याला सिनेमा दाखवणार होता. दुसरी प्रत निमिषला कुठेच सापडली नव्हती.

डबे असायचे मलकापुरात, केरबाच्या मुलाच्या, धनाजीच्या जिमच्या माळ्यावर; आता ते खाली जिममध्येच मांडले होते. अपेक्षा आल्या आल्या धनाजीने त्यांना चहा पाजून हातात जिमची भेट ठेवली होती. किल्ल्या अडकवायचं किचेन. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये दोन खांबांमध्ये हात पसरलेला पैलवान, कडेला बारीक चौकोनी भोकं.

"आधी डबा कोणी उघडला?"

"मी, सकाळी," निमिष म्हणाला. "हलका लागला. गाठ सुटेना म्हणून दोरी कापली, आणि आत चिंध्या बघून तुम्हाला फोन केला."

"परवा ह्योच एकटा माळ्यावर हुता," धनाजी डोळे पुसत म्हणाला. "बाबांचा जीव हाय त्यात, म्याडम."

अपेक्षांनी डबे चाचपले. बाकीच्या सात डब्यांच्या जुन्या लोकरी दोऱ्या बोट लावताच तुटल्या. सहाव्याची कापलेली दोरी करकरीत नवी. गाठ मात्र आठही दोऱ्यांना तीच.

"गाठी कुणाच्या, आजोबा?"

"माज्याच. धा वर्सं झाली. आमची मेंढरं बांदायची गाठ हाय ती. आता हात कापत्यात, जमत न्हाई."

"आणखी कोणाला येते?"

"ल्हानपणी पोराला शिकवली की!" केरबा कौतुकाने बोलला आणि त्याने एकदम मान धनाजीकडे वळवली.

"दोरी नवी, म्हणजे डबा हल्लीच उघडून पुन्हा बांधला," अपेक्षा म्हणाल्या. "आजोबांचे हात चालत नाहीत. निमिषला गाठ सोडता येत नाही, बांधणार कुठून? धनाजी, राहिलास तू. लहानपणची सवय, बोटांनी आपोआप घरचीच गाठ मारली. आणि रीळ इथं आहे." त्यांनी किचेन खिडकीसमोर धरलं. "ही भोकं फिल्मचीच. एकेक चित्र कापून वाटलंस."

धनाजीचे डोळे एका क्षणात कोरडे झाले. "सडलेला माल हुता. नव्या मेंबरास्नी लय आवडलं. बाबांना तसंबी काय दिसतंय?"

अपेक्षांना शिसारी आली. डब्यातला भपकारा बरा, असं वाटलं. ज्या हाताने बापाचा जीव कातरला, त्याच हाताने हा डोळे पुसत होता! त्याचा चहा प्यायल्याचीसुद्धा त्यांना किळस आली.

"हवालदार, ह्याला जीपमध्ये बसवा."

मग त्यांनी किचेन केरबाच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्याने ते उजेडाकडे धरलं, डोळ्याजवळ नेलं. तेवढं चित्र त्याच्या नजरेत बरोबर मावलं.

"खांब अजून हुबंच हायती," तो म्हणाला. "पाडायचं ऱ्हायलंच की."