अळणी पंगत

“चेची! ओलनला मीठ नाही... अवियलला नाही... कशालाच नाही!”

पंगतीतून थोरल्या बहिणीला हाक मारणारा धाकट्या भावाचा, रघूत्तमनचा, तो स्वर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आदळला आणि विलासिनीच्या हातातली पळी जागीच थिजली. ओणमचा दिवस, भावजयीच्या माहेरची माणसे पानांवर बसलेली... आणि हे काय घडले आपल्या हातून!

दिव्यापुढे पहिले पान मांडेपर्यंत काही चाखायचे नाही, हा घरचा रिवाज. आजवर मिठाचे माप तिच्या बोटांनाच ठाऊक असे. पण ती पस्तीस दिवसांपासून पथ्यावर होती. एकवीस दिवस अंगावर तेला-ताकाच्या धारा, पुढे तितकेच दिवस परिहाराचे, उपचारानंतरच्या पथ्याचे. मीठ नाही, दही नाही, आंबट नाही... या दिवसांत घरचे रांधप भावजयीने, श्रीलताने, पाहिले होते. आज मात्र सणाचे सारे पुन्हा विलासिनीवर आले, आणि तो विसराळू हात मिठाच्या भरणीकडे वळलाच नाही!

“आम्हालाही वैद्याकडे बसवलं की काय?” श्रीलताचे मामा हसले. “भात नको, थेट काढाच वाढा!”

पंगत खिदळली. रघूत्तमन ताडकन आत आला.

“तुला खाता येत नाही, म्हणून आमच्याही तोंडची चव काढून घेतलीस? एवढा राग, चेची?”

राग! तिला हसू आले, तेही किती थकलेले... कोपरावर पहिला खवला उमटला तेव्हा ती बावीस वर्षांची होती. बेचाळीस दिवस चूल सोडावी लागेल, असे वैद्यरनी तेव्हाच सांगितले होते. पण अंथरुणाला खिळलेल्या आईला कोण भरवणार? रघूत्तमनचा कॉलेजचा डबा कोण करणार? ‘पुढच्या पावसात, कर्किटक महिन्यात,’ ती म्हणाली... आणि चोवीस कर्किटक निघून गेले! खवले मनगटापर्यंत उतरले. मग एका ओणमला कुणीतरी तिच्या वाढणाऱ्या हाताकडे पाहून पान मागे सरकवले. तेव्हापासून ती रांधी, वाढी श्रीलता. रांधणारे हात कुणाला दिसत नाहीत!

“रोग कातडीवर दिसतो, मोळे, पोरी,” यंदा म्हातारे वैद्यर म्हणाले होते, “पण राहतो झोपेत, पोटात आणि गिळलेल्या शब्दांत. सावकाश जेव. सणाला तर जास्तच.”

आजही तिने शब्द गिळलाच. “चुकले रे,” इतकेच म्हणाली.

रघूत्तमन मिठाच्या भरणीकडे वळला. भरणीशेजारी तिची कांजी, तांदळाची पेज, निवत होती. त्याने का कोण जाणे, एक घास तोंडात घातला.

“यातही मीठ नाही?”

“पस्तीस दिवस नाही.”

“मला वाटलं, नुसतं मासे-बिसे बंद असेल... सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तूही सोडलं असतंस. लहानपणी मी उपाशी राहिले की तू ताट लोटायचास. आईला ते बघवायचं नाही.”

“आई जाऊन सोळा वर्षं झाली, चेची...”

“सवय रे, दुसरं काय!”

त्याने तिचे मनगट धरले, अर्धे निवळलेले, अर्धे खवल्यांचे, आणि तिला बाहेर आणले. आपल्या शेजारी पान मांडले, कांजी स्वतः वाढली. श्रीलता मिठाची वाटी घेऊन आली, तेव्हा त्याने पानाच्या कोपऱ्यावर तळहात आडवा धरला. “इथं नको. अजून सात दिवस.”

श्रीलता क्षणभर घुटमळली. मग वाटी खाली ठेवून नणंदेच्या पाठीमागे वारा घालत उभी राहिली.

विलासिनी जेवू लागली. एकेक घास, सावकाश... इतक्या वर्षांचा शीण प्रत्येक घासाबरोबर विरघळत असावा, तसे. इतरांची पाने केव्हाच संपली होती. पण शेवटचा जेवून होईतो पंगत उठत नाही. मामांनी एकदा घसा खाकरला. रघूत्तमनने त्यांच्याकडे नुसते पाहिले.

मामांचा खरकटा हात पानावरच वाळला... सगळ्यांचेच हात वाळले. कुणी उठले नाही.