दानेश्वरीची शेवंती

"माझी शेवंती चोरीला गेलीय," दानेश्वरी म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली. रडली नाही. राजनंदिनी इंगवलेंना ते आवडलं.

कोल्हापुरात खाजगी तपास करणारी बाई त्या काळी बहुधा एकच होती, म्हणून बायका राजारामपुरीतल्या या लहानशा ऑफिसात निर्धास्त येत. कोपऱ्यात राजनंदिनींचे मदतनीस गणपतराव, निवृत्त हवालदार, बशीतला चहा फुंकत होते.

"एका कुंडीपायी हितवर आलीस?" ते म्हणाले. "दुसरी घे की, पोरी."

"दुसरी कुठनं आणू?" दानेश्वरीचा आवाज चढला. "उन्हाळाभर जुन्या झाडाचे फुटवे जगवले. पावसाळ्यात कलमं लावली, त्यातली निम्मी कुजली. श्रावणात शेंडे खुडले. दसरा झाल्यावर एका फांदीला एकच कळी ठेवली, बाकीच्या काढून टाकल्या. आता फूल उमललं होतं, तळहातापेक्षा मोठं. पिवळंधमक."

उचगावात तिचं सासर. घरात नवरा मल्लेश आणि सासू चन्नम्मा, जिला ती अत्ती म्हणायची. गेली कित्येक वर्षं शहरातल्या पुष्पप्रदर्शनात शेवंतीच्या पहिल्या बक्षिसाची ढाल चन्नम्माकडेच येत होती.

"मग यंदा दोन कुंड्या जाणार होत्या?" राजनंदिनींनी विचारलं.

"न्हाय. एका घरातनं एकच घेतात. अत्तींचीच जाणार. माझी घरीच राहणार होती." तिनं हनुवटी वर केली. "पण माझी होती."

"नाहीशी कधी झाली?"

"काल अत्तींनीच मला माहेरी धाडलं, पेठ वडगावला. आईला भेटून ये म्हणाल्या. आज पहिल्या एस.टी.नं परत आले, तर जागा रिकामी. शेजारच्या हंबीररावांचंच काम असणार, ते दर वर्षी दुसरे येतात. आमचे हे तर त्यांची कॉलर धरायलाच निघालते, कसंबसं थोपवलं."

राजनंदिनींनी पर्स उचलली. "चला, गणपतराव."

घरामागची बाग पाहून गणपतरावांनी टोपी मागे सारली. मांडवावर घेवडा लोंबत होता. वांग्यांची रांग, कोथिंबिरीचा वाफा, कढीपत्ता, आणि बेलाची एक कुंडी, काठापर्यंत शेवाळानं हिरवी झालेली. भोवती उंच भिंत, वर काचा. बागेत जायला वाट फक्त घरातून.

रिकाम्या जागी कुंडीखालची मातीची ताटली तेवढी उरली होती. भोवती फरशीवर गेरूचे लाल थेंब पडले होते. शेजारी पिवळी पडलेली पानं एका जागी गोळा केली होती, देठाशी खुडलेली. पलीकडे चन्नम्माची पांढरी शेवंती जागेवरच होती. तिच्या बुडाची पानं पिवळी, आधाराच्या काड्यांमध्ये कोळ्याचं जाळं.

"चोर घाईत व्हता," गणपतराव म्हणाले. "पानं तुटली बघा."

राजनंदिनींनी एक पान उचलून त्याचा देठ निरखला.

मल्लेश फाउंड्रीतली रात्रपाळी करून आला होता. डोळे लाल, आवाज मोठा.

"मला ती जागा सायकल लावायला पायजे होती, हे खरं. पण कुंडी मी कशाला उचलू? कामावर जाताना रोज ती कळी बघून जायचो." त्यानं आवाज उतरवला. "हिला सांगू नका."

"सकाळी आलात तेव्हा दार?"

"आतनं कडी होती. आईनं उघडलं."

चन्नम्मा खाटेवर गुडघे शेकत बसली होती. "या, पावणं. कुंडीपायी एवढं पोलीस?" असं म्हणत तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या नखांत लाल रंग भरला होता.

"गेरू लावत होता वाटतं?" राजनंदिनींनी सहज विचारलं.

"व्हय. बेलाच्या कुंडीला लावला. उद्या सोमवार न्हवं का."

"आणि तुमची शेवंती? नोंदणी आज दुपारीच बंद होते ना?"

"गुडघं धरल्यात, बाई. बघू की."

एवढी वर्षं ढाल आणणारी बाई "बघू की" म्हणाली आणि पुन्हा गुडघे शेकायला लागली.

हंबीरराव अंगणात टेम्पो धूत होते. ओट्यावर त्यांच्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या, सगळ्या सिमेंटच्या, करड्या. राजनंदिनी टेम्पोच्या मागच्या बाजूला गेल्या. हौद्यातल्या पत्र्यावर एक लाल गोल उमटला होता. हंबीररावांनी घाईनं त्यावर बादली ओतली.

"मी काय चोर हाय?" ते गरजले. "माझी कुंडी पहाटेच हॉलवर नेऊन ठेवली. आनी मला कायबी ठाऊक न्हाय!" बोलताना त्यांची नजर चन्नम्माच्या दाराकडं गेली.

"सापडला!" गणपतराव कुजबुजले. "धरू का?"

"नको. नोंदणी बंद होईपर्यंत इथंच थांबू."

"ते कशापायी?"

"कुणाची तरी मेहनत वाया जाऊ नये म्हणून."

दुपारी चन्नम्मानं सगळ्यांना बागेतल्या वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली. दानेश्वरी नुसतेच भाकरीचे तुकडे करत राहिली. चन्नम्मा दर थोड्या वेळानं घड्याळाकडं बघत होती. जेवणं उरकली तेव्हा राजनंदिनींनी हंबीररावांनाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांना मांडवाखाली बसवलं.

"नोंदणी बंद झाली," त्या म्हणाल्या. "आता बोलायला हरकत नाही. चोराला झाड मोडायचं असतं तर फूल तोडून जाता आलं असतं. विकायचं असतं तर त्यानं कुंडी जशीच्या तशी उचलली असती. पण या चोरानं आधी पिवळी पानं खुडली. मग कुंडीला गेरू लावला. गणपतराव, कुंडी रंगवून कुठं नेतात?"

गणपतरावांनी डोकं खाजवलं. "प्रदर्शनाला?"

"बरोबर. भिंतीवरून भरलेली कुंडी जात नाही. वाट घरातून, आणि दाराला कडी आतून. मल्लेश रात्रपाळीला, दानेश्वरी माहेरी. तिला माहेरी कुणी धाडलं? बेलाच्या कुंडीला गेरू लावला असं चन्नम्मा म्हणाल्या, पण त्या कुंडीवर नुसतं शेवाळ आहे. मग नखांतला गेरू कुठल्या कुंडीचा? दुखत्या गुडघ्यांनी कुंडी उचलवत नाही, मदतीला कुणीतरी हवं. हंबीररावांच्या कुंड्या सिमेंटच्या, तरी टेम्पोत लाल गोल."

हंबीररावांनी मान खाली घातली. "आक्कानं सांगितल्यावर न्हाय कसं म्हणू?"

दानेश्वरी सासूकडं वळली. चेहरा पांढरा पडला होता. "अत्ती, माझं झाड तुमच्या नावानं पाठवलं?"

"ते मात्र तुमच्याच तोंडून येऊ द्या," राजनंदिनी चन्नम्माला म्हणाल्या. "मला वाटतं, पाठवलंय ते हिच्या नावानं. नाहीतर स्वतःच्या झाडाची पिवळी पानंही न काढता तुम्ही बसून राहिला नसता. एका घरातून एकच कुंडी जाते, आणि ती जागा तुम्ही सोडलीत."

चन्नम्मानं पदरानं कपाळ पुसलं.

"दसऱ्यापास्नं बघतीया मी," ती म्हणाली. "माझ्या झाडाला असलं फूल कवाच आलं न्हाय. तोंडावर सांगितलं असतं, तर ही हट्टाला पेटली असती. अत्ती, तुमचंच पाठवा म्हणून पाय धरून बसली असती. मला ठाऊक हाय की हिचा सोभाव. म्हणून नोंदणी बंद होईस्तवर तोंड मिटून बसायचं ठरवलं. ही ऑफिसात जाऊन डिटेक्टिव्ह घिऊन येईल, हे कुणाला ठाऊक!"

दानेश्वरी आता मात्र रडली. मल्लेश हंबीररावांना म्हणाला, "काका, सकाळचं मनावर घेऊ नका," आणि हंबीरराव म्हणाले, "घेतलंय. चहा पाज."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गर्दी होती. पिवळ्या शेवंतीसमोरच्या कार्डावर दानेश्वरीचं नाव होतं आणि दुसऱ्या क्रमांकाची निळी रिबन. पहिला क्रमांक हंबीररावांना मिळाला. ते चन्नम्माची नजर चुकवत खांबामागं उभे होते.

चन्नम्मा काठी टेकत थेट परीक्षकांपुढं गेली. "डोळं तपासून घ्या," तिनं सुनावलं. "ह्या फुलाची पाकळी बघितली का धड?"

"अत्ती, असू दे. दुसरा आलाय की," दानेश्वरीनं तिचा हात धरला. "पहिल्या वर्षी तुमचा कितवा आला होता?"

चन्नम्मा थबकली. आजूबाजूची माणसं ऐकत होती. तिनं मान वर केली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कितवा? कुंडी दारातनंच परत धाडली व्हती माझी. माझी सून पहिल्याच वर्षी दुसरी आलीया!"