अडतीस नंबरची जागा

युद्धाला अकरा दिवस झाले आणि आमच्या बुवापाड्यातलं शाळेचं मैदान एकदम फेमस झालं. बंदरांवर पहारा द्यायला माणसं कमी पडत होती, म्हणून सरकारने युद्धापुरतं एक बंदर रक्षक दल उभं करायला घेतलं होतं. अंबरनाथमधून बासष्ट जण निवडले. दहा दिवस आमच्या मैदानावर कवायत, मग थेट बंदरावर.

त्यांची हजेरी मी घ्यायचे. मी! दहावी 'ब'ची हर्षदा, जी गेल्या वर्षापर्यंत वर्गात स्वतःचं 'हजर'सुद्धा पुटपुटायची. शिकवायला आलेल्या निवृत्त हवालदार भीमराव सरांचा घसा दुसऱ्याच दिवशी बसला. त्यांनी आम्हा एनसीसीच्या पोरींकडे बघितलं आणि मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"चला, सरांचा भोंग्याचा खर्च वाचला," दादा म्हणाला.

दादा म्हणजे राजेश, माझा सख्खा भाऊ, यादीत अडतीस नंबर. एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत हेल्पर. निवड झाल्याचा मेसेज त्याने मला चार वेळा मोठ्याने वाचायला लावला होता. "हर्षे, मला आजवर कोणी कबड्डीत पण घेतलं नाही गं."

अडचण एकच होती. हजेरी साडेसहाला आणि त्याची रात्रपाळी सुटायची सहाला. शेअर रिक्षा मिळाली तर ठीक. तीनदा उशीर झाला की नाव कट. दोनदा झालाच होता.

पाचव्या दिवशी धुकं असं उतरलं की पहिल्या रांगेमागचं मला काही दिसेना. सर लांब, झेंड्याच्या खांबापाशी. मी नावं घेत गेले.

"राजेश दगडू शेलार!"

गप्प. परत घेतलं. कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग आमच्या वर्गात सगळे एकमेकांसाठी करतात, तेच मी केलं. मान वहीत घातली, आवाज जाडा केला आणि स्वतःच म्हणाले, "हजर!" टीक मारली.

आणि आठवलं, अजून गिनती आहे. प्रत्येकाने आपापला नंबर ओरडायचा. अडतीसपाशी गाडी अडकणार, सगळं उघडं पडणार. छत्तीस. सदतीस.

"अडतीस."

स्पष्ट, अगदी शांत. मग एकोणचाळीस, चाळीस, करत करत बासष्ट.

मला तर तिथेच नाचावंसं वाटलं! कोणीतरी दादाला सांभाळून घेतलं होतं. फक्त वास वेगळा येत होता. आमच्याकडे सकाळी एमआयडीसीचा आंबूस वास असतो, त्याची सवय आहे. हा खारट होता. ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलाचा.

सात वाजता दादा धापा टाकत फाटकातून आत आला. सदतीस नंबरच्या नाथाकाकांना मी हळूच थँक्यू म्हटलं.

"मी कुठं काय केलं?" ते म्हणाले. "राजेश होता की माझ्या बाजूला. कपडे पार भिजलेले. विचारलं, तर बोलला नाही."

त्या रात्री दादाने कामावर खाडा केला आणि सकाळी सहालाच रांगेत जाऊन उभा राहिला. कवायत संपल्यावर त्याने माझा हात धरला.

"हर्षे, मी तोंड उघडायच्या आधीच कोणीतरी अडतीस बोललं. माझ्याच आवाजात."

"चल, फेकू नकोस."

तो हसला नाही.

आठव्या दिवशी बूट वाटले. दादाची पाळी आली तेव्हा सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेलार तर घेऊन गेला." वहीत सही होती. दादाचीच, शेवटच्या फराट्यासकट. तेवढ्याच जागी कागद भिजून फुगला होता.

मी सगळं सांगून टाकलं. "सर, मी खोटी हजेरी लावली. चूक माझी आहे, दादाचं नाव नका कापू."

सर वही बघत राहिले. "बासष्ट निवडले, बासष्ट आहेत. तू बोलतेस कोणाबद्दल, पोरी?"

दादा माझ्या शेजारीच उभा होता.

दहाव्या दिवशी सकाळी बस निघाली. मी मोजले. बासष्ट जण चढले.

दादा फाटकाचे गज धरून उभा होता.

मधल्या एका खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. आतल्या बाजूने.

संध्याकाळपर्यंत आम्ही मैदानावरच बसून राहिलो. मग घरी आलो. दादाने दारात चपला काढल्या. आत आई फोनवर होती, कितीतरी दिवसांनी एवढी खुशीत.

"पोचलास ना नीट? जेवलास? समुद्र जवळच आहे म्हणतोस?"

"आई," दादाने हाक मारली.

आईने फोनवर हात ठेवला. दाराकडे बघितलं. घाईघाईने गाऊनवर ओढणी घेतली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "कोण आलेत गं? त्यांना पाणी दे."