दोन्ही वारसांना मान्य

त्यागाइतकी पवित्र गोष्ट या जगात दुसरी नाही, आणि एकाच घरातल्या दोन माणसांना तो एकाच आठवड्यात सुचला तर त्याच्याइतकी महागही दुसरी नाही.

त्या संध्याकाळी ताई कचेरीतून घरी आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कर खात्याचं पाकीट फोडून पडलं होतं. पलीकडे बाळ्या हाताची घडी घालून उभा होता आणि दोघांच्या मधल्या खुर्चीत आई आपल्या कामाला सज्ज होऊन बसली होती. काम निरोप्याचं होतं. गेली दोन वर्षं भाऊबहीण एकमेकांशी बोलत नसत, आईशी बोलत.

बाळ्या हा ताईचा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या पुढे, डोक्याला टक्कल, पण आईने एकदा बाळ्या म्हटलं ते म्हटलं. वडिलांच्या मागे त्यांचं चष्म्यांचं दुकान तोच चालवी आणि बायकोबरोबर वरच्या मजल्यावर राही. दुकान वाढवायला घर गहाण टाकू म्हणाला, ताईने सही दिली नाही, तेव्हा तो रागाच्या भरात बोलून गेला होता, "तू घरातसुद्धा खिडकीमागेच बसतेस!" तो घाव ताईच्या अंतःकरणात अजून ओला होता... 

कारण ताई खरोखरच खिडकीमागे बसे. कर खात्याच्या मदत खिडकीवर तिची नेमणूक होती. वसुलीवाले वरच्या मजल्यावर. तिने फक्त घाबरून आलेल्या माणसाला त्याच्या हातातला कागद समजावून सांगायचा. "आजोबा, ही मागणी नाही, विचारणा आहे. 'प्रस्तावित' लिहिलंय बघा, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. तुम्हाला हरकत घ्यायचा हक्क आहे. हिशेब कसा केला ते विचारायचा हक्क आहे. समोर बसून आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. आणि समजल्याशिवाय 'मान्य'वर खूण करायची नाही!" हे ती दिवसभर घसा फोडून सांगे, आणि दिवसभर माणसं हात जोडून विचारत, "ते सगळं बरोबर हो बाई, पण भरायचे किती?" अशा वेळी समोरची काच आपल्याच कपाळाने फोडावी असं तिला वाटे.

तिने उभ्याउभ्याच नोटीस वाचली. ज्या वर्षाचा कर मागितला होता, त्या वर्षी वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि दुकान वर्षभर बंद होतं. कुलूप तिनेच लावलं होतं. खात्याने आधीच्या वर्षांवरून विक्रीचा अंदाज बांधला होता, त्यावर दंड चढवला होता आणि दोन्ही वारसांना एकेक प्रत धाडली होती. एका हरकतीत निकालात निघेल असं प्रकरण! अट एकच, हरकतीच्या अर्जावर दोन्ही वारसांच्या सह्या हव्यात.

"आई, त्याला सांग, घाबरायचं कारण नाही. हरकत घेता येते."

"ती म्हणते, घाबरू नकोस."

"आई, तिला सांग, घाबरतोय कोण? दुकान माझं आहे, मी निस्तरीन. कुणाचे उपकार नकोत मला."

"तो म्हणतो, आधी जेवून घे."

आईच्या हातून निरोप नेहमीच असे धुऊन, वाळवून, घडी घालून निघत. बाळ्या पाय आपटत जिना चढून गेला.

ताईच्या हृदयात कालवाकालव झाली. हाच तो बाळ्या... ज्याच्या शिक्षणापायी तिने बढतीवर पाणी सोडलं, ज्याच्या तापात रात्ररात्र उशाशी बसून काढली! अर्ज घेऊन वर जायचं, 'सही कर रे' म्हणायचं, संपलं. जिना काही फार उंच नव्हता. पण मागायचं? आणि आपण? आधी? त्यापेक्षा सर्वस्व देऊन टाकणं सोपं होतं, आणि त्याची ताईला सवयही होती.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या प्रतीवर 'मान्य'च्या चौकटीत खूण केली. ज्या हाताने शेकडो माणसांची बोटं त्या चौकटीवरून मागे खेचली होती, त्याच हाताने! निवृत्तीनंतर दोन खोल्या घ्यायच्या म्हणून जपलेली सगळी शिल्लक काढून तिने पूर्ण रक्कम भरली. बाळ्याला हे कधी कळणारसुद्धा नाही, या विचाराने तिला अपार समाधान वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

पुढच्याच महिन्यात कचेरीत वरच्या मजल्यावरचे साहेब फाईल घेऊन स्वतः खाली उतरले. साहेब ताईपेक्षा वयाने बरेच लहान होते आणि त्यांना बारमाही सर्दी होती.

"बाई, जरा बाहेर येता? या प्रकरणात तुम्ही करदात्या आहात."

बाहेर बाळ्या उभा होता.

ताई एवढ्या नोकरीत प्रथमच खिडकीच्या त्या बाजूला उभी राहिली. आत तिच्या जागी बसलेली सहकारी तोंड हलवून कुणाला तरी काही सांगत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. काचेला आवाजासाठी पाडलेली भोकं पार खाली होती. ऐकायचं तर माणसाने गुडघ्यांवर बसायला हवं होतं. म्हणजे इतकी वर्षं... ते सगळे हक्क...

साहेबांनी नाक पुसलं. "पूर्ण रक्कम मला मान्य, असं तुम्ही दोघांनीही वेगवेगळं लिहून दिलंय. दोघांनी भरलीही आहे. लोक थकबाकी एकमेकांवर ढकलतात, ते रोज बघतो. ओढून घेणारे पहिल्यांदाच पाहिले."

ताई गर्रकन वळली. "तू भरलेस? कुठून?"

आई मध्ये नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"भिंगं घासायचं यंत्र विकलं."

"बाबांचं यंत्र? अरे, मग दुकानात करतोस काय?"

"फ्रेमा पुसतो."

"मूर्खा! त्या वर्षी दुकान बंद होतं, माहीत नव्हतं तुला?"

"मला माहीत होतं! पण तू तर लोकांना रोज शिकवतेस ना? मग तू कशी भरलीस?"

"तू मला विचारायला खाली का नाही आलास?"

"तू वर का नाही आलीस?"

बाळ्याचा आवाज एकदम चिरकला. "ताई... मला वाटलं, कर खात्यातल्या बाईच्याच नावावर थकबाकी निघाली, तर तुझी नोकरी जाईल. माझ्या ताईकडे कुणी बोट दाखवायला नको, म्हणून..."

"आणि मला वाटलं, तुझं दुकान जाईल रे, राजा!"

दोन वर्षं गोठलेले अश्रू भर कचेरीत, 'शांतता राखा' या पाटीखाली, घळाघळा वाहू लागले. बाळ्याने टक्कल तिच्या खांद्यावर टेकलं. साहेबांचं नाक तसंही वाहतच होतं.

"बाई," रांगेतला एक टेम्पोवाला अदबीने म्हणाला, "रडून झालं की माझं बघता का?"

ताईने डोळे पुसत त्याचा कागद घेतला. "'मान्य'वर खूण नाही ना केलीत?"

"केली."

"का पण?"

"भीती वाटली हो."

एरवी ताईने त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तोच कागद तिने त्याला ओळीवर बोट ठेवून, सावकाश, काचेशिवाय वाचून दाखवला. तो म्हणाला, "अस्सं होय!" हे शब्द तिने कचेरीत प्रथमच ऐकले.

बाळ्या विचारत होता, "साहेब, आता हरकत घेता येईल?"

"मान्य केल्यावर हरकत नाही घेता येत. दुरुस्तीचा अर्ज करता येतो. दुकान बंद असल्याचे पुरावे जोडा, दोघं सह्या करा."

दोघांनी एकाच पेनाने सह्या केल्या. आधी तू, नाही आधी तू, यात थोडा वेळ गेला.

खात्याने चूक कबूल केली. दोन्ही रकमा व्याजासह परत करण्याचा हुकूम निघाला आणि सुमारे दीड वर्षाने धनादेश घरी आला.

तो वडिलांच्या नावाचा होता.