न धुतलेली पाठ

सोमवारी धुणं, हा वेल्समधल्या त्या खोऱ्यातल्या बायकांचा नेम. नेस्ताची दोरी सगळ्यांत आधी भरायची आणि तिच्या चादरींना नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. घरातले पुरुष कोळशाच्या खाणीत जातात आणि कपडे पांढरे ठेवायचे, हे खायचं काम नव्हे. नवरा छातीत धूळ साठून गेला. राहिला एक मुलगा, मॅडॉक.

संध्याकाळी तो चुलीपुढच्या टबात बसला की नेस्ता त्याची मान, छाती, हात खसाखसा घासायची. पाठीला हात लावायची नाही. पाठ धुतली की कणा ढिला पडतो, हे वेल्सच्या खाणीत पणजोबांपासून चालत आलेलं. पाठ धुवायची ती एकदाच, माणूस गेल्यावर, घरच्या बाईनं. त्यामुळे मॅडॉकच्या पाठीवर कोळशाचा चकचकीत थर होता. फक्त उजव्या खवाट्यावर घोड्याच्या नालेएवढी जागा गोरी. लहानपणी तिथे किटलीच्या झाकणानं भाजलं होतं. त्या कातडीनं कोळसा कधी धरलाच नाही.

त्या वर्षी त्याचं नाव वेल्सच्या फुटबॉल संघात आलं. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड, तिघांशी एकेक सामना. देशाचा मोसम तेवढाच. लाल शर्ट घरी आला तेव्हा गल्लीतल्या बायका हात पुसून बघायला आल्या. खाणीचा मॅनेजर हार्कट मात्र म्हणाला, चेंडूला लाथा मारायला रजा मिळत नसते, उत्तरेच्या बोगद्यात हजर हो नाहीतर परत येऊ नको. तिथलं छत कुजलंय, हे उंदरांनासुद्धा ठाऊक होतं.

मॅडॉक गेला आणि छत खाली आलं. मागून आग. आग कोंडून विझावी म्हणून हार्कटनं त्याच दिवशी बोगद्याच्या तोंडाशी विटांची भिंत घातली. बाकीचे बाहेर आले होते. मॅडॉक भिंतीपलीकडे राहिला.

लोकांनी समजून घेतलं. नेस्तानं नाही. रोज सकाळी ती खाणीच्या फाटकाशी उभी राहायची. आग विझली असेल तर भिंत फोडा, माझा मुलगा मला द्या, मला त्याला धुवायचंय, एवढंच मागणं. हार्कट घोडागाडीतून खालीसुद्धा उतरायचा नाही.

"बाई, मी खाण चालवतो," तो एकदा म्हणाला. "कबरस्तान नाही."

गेथिन म्हणून एक म्हातारा संघाच्या शर्टांची, बुटांची काळजी घ्यायचा. तो सांगायला आला की मंडळानं ठरवलंय, तिन्ही सामन्यांना मॅडॉकचा शर्ट खेळाडूंच्या खोलीत त्याच्या खुंटीवर टांगायचा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. नेस्तानं शर्ट धुऊन, इस्त्री करून दिला.

आयर्लंडचा सामना झाला आणि शर्ट परत आला. ओला होता. घामाचा वास येत होता. तिनं तो उलटा केला तर आतून पाठीवर काळं.

गेथिनला तिनं दारातच धरलं. कुठल्या गाढवाच्या अंगात माझ्या लेकाचा शर्ट घातलात, आणि वर मला तोंड दाखवताय, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं.

"चॅपेलची शपथ, नेस्ता," गेथिन म्हणाला. "खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती."

"तुझ्या खिशाला भोक आहे, गेथिन. डोक्यालाही."

स्कॉटलंडच्या सामन्याआधी तिनं शर्टाचा गळा, बाह्या, खालची कड, सगळं काळ्या दोऱ्यानं शिवून टाकलं. आत उंदीर शिरला नसता.

शर्ट परत आला. एक टाका उसवला नव्हता. तिनं कात्रीनं शिवण कापली आणि शर्ट उलटा केला. काळं होतंच. उजव्या खवाट्यावर नालेएवढी जागा तेवढी लाल, कोरी.

ती चुलीपाशी बसून राहिली. रडली नाही. मग शर्ट घेऊन तडक फाटकाशी गेली आणि हार्कटच्या नाकासमोर धरला. हार्कट हसला.

"काजळी फुकट मिळते, बाई. कुणालाही फासता येते."

शेवटचा सामना इंग्लंडशी. त्या सकाळी तिनं शर्टाची घडी घातली, त्यावर तळहात ठेवला आणि मॅडॉकला लहानपणी दटावायची तशी म्हणाली, "पुरे झाला खेळ. ज्यानं तुला पाडलं तो मैदानात नाही. तो टेकडीवर राहतो."

शर्ट परत आला तो कोरडा. आत, बाहेर, स्वच्छ.

सोमवारी धुणं वाळत घालताना तिनं टेकडीकडे पाहिलं. हार्कटच्या दोरीवर पांढरे शर्ट होते. दुपारी ते काढून पुन्हा धुतले गेले. मंगळवारीही.

मग हार्कटची मोलकरीण बेका बोचकं घेऊन आली. तिची बोटं सोड्यानं सोलवटली होती. मालक आंघोळ करून शर्ट घालतात, काकू, आणि तासाभरात असं होतं. तुमच्या हाताला यश आहे म्हणून पाठवलंय.

नेस्तानं वरचा शर्ट उलगडला. पाठ काळी. खवाट्यावर नालेएवढं पांढरं.

तिनं शर्ट नीट घडी करून परत दिला.

"मालकांना सांग, आमच्यात पाठ धुवत नाहीत. कणा ढिला पडतो. आणि सांग, ज्याची आहे त्याला आधी घरी आणा."

दुसऱ्या दिवशी भिंत फोडली.

मॅडॉकला दाराच्या फळीवर झाकून आणलं. नेस्तानं गरम पाणी काढून ठेवलं होतं, साबण, नवं फडकं. माणसांना बाहेर घालवून तिनं दार लावलं.

चेहरा धुतला. मान, छाती, हात. ते पाणी काळं झालं, ते तिनं मोरीत ओतलं. दुसरं पाणी घेतलं. मग त्याला कुशीवर वळवलं.

तिनं पाठ धुतली. सावकाश, खवाट्यापासून कमरेपर्यंत, शेवटची.

पाणी नितळ राहिलं.

ती टब घेऊन बाहेर आली. गल्लीत हार्कट उभा होता, टोपी हातात, पुष्पचक्र घेऊन.  नेस्तानं ते नितळ पाणी त्याच्या बुटांपुढे ओतलं.

"आता तरी थांबेल ना?" त्यानं विचारलं.

तिनं रिकामा टब भिंतीशी पालथा घातला. तो जायला वळला. पांढऱ्या कॉलरच्या वर, मानेवरून केसांपर्यंत, काळं चढलं होतं.