शितपिणीचं लेकरू

त्या वर्षी सबंध कोकणात एकाच चवीचा आंबा पिकला होता, आणि लोक खूश होते. आंब्याचं नाव शितपीण. कोंडसरच्या स्नेहल शितप यांच्या परसातलं झाड हे त्याचं मूळ. पूर्वी गोड आंब्याची कोय लावली तरी काय निघेल याचा नेम नसे, म्हणून कलमं बांधावी लागत. आता कोय पुरली की हुबेहूब शितपीणच उगवे.

ही किमया डॉ. रेहाना मुकादम यांची. स्नेहल यांच्या नातीच्या बारशाला त्या आल्या, तेव्हा पाळण्याभोवती वाद रंगला होता. नाक शितपांचं की व्याह्यांचं?

"तुम्हीच सांगा, डॉक्टरबाई!"

"दोघांचं मिळून, काकू," रेहाना हसल्या. "तुमच्या आंब्यात मात्र असा वाद होणार नाही. त्याला आम्ही असंगजनन म्हणतो. मूळ ग्रीक शब्द अपोमिक्सिस. अपो म्हणजे दूर, मिक्सिस म्हणजे मिसळणं. एरवी आईचा नि बापाचा वाटा मिसळून बी होतं. इथं आईच्याच पेशीपासून गर्भ धरतो, बाप नाहीच."

स्नेहल यांच्या हातातली दोरी थांबली. "म्हणजे ही लाखो झाडं माझ्या झाडाची लेकरं नव्हेत?"

"तेच झाड आहे ते. एकच, लाखो ठिकाणी उभं."

"अगंबाई! इतका पसारा, आणि बिचारीला मूल एकही नाही?"

रेहानांनी ते बोलणं मनावर घेतलं. त्यांच्या संशोधन केंद्रात रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याचं एक जुनं झाड उरलं होतं. मोहोर आला तसा त्यांनी शितपिणीचा पराग त्याच्या फुलांवर ब्रशनं फिरवला आणि पावसाआधी एक कोय कोंडसरला आणून दिली.

"काय निघेल?"

"काही सांगता येत नाही, काकू."

"वा!" स्नेहल म्हणाल्या आणि स्वतः खड्डा खणायला बसल्या.

सातव्या वर्षी फळ धरलं. लांबुडकं, रेषाळ, शेपूसारख्या वासाचं. पहिल्याच फोडीनं स्नेहल यांचे दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या खदखदून हसत सुटल्या. तिथूनच फोन लावला. "डॉक्टरबाई, मुळीच शितपिणीवर गेलं नाही हो!" त्यांनी वाडीभर पेढे वाटले.

अंगणात जमलेल्या मुलांनाही फोडी दिल्या. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि थुंकून टाकल्या.

"आजी, हे काय आहे?"

"आंबा."

"नाही, आजी," त्यांतली मोठी मुलगी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "आंबा एकच असतो."