जाते म्हणू नये

“गडाचे दरवाजे लावून घ्या. ती परत आली... तरी उघडायचे नाहीत.”

राजेश्वरीनं चमकून शेजारी पाहिलं. शनिवारची दुपारची सातारा–सांगली एसटी नुकतीच स्टँडबाहेर पडली होती. खिडकीशी बसलेला तरुण डोळे मिटून पुटपुटत होता. कपडे नीटनेटके, मांडीवर डब्याची पिशवी. वेडा तर वाटत नव्हता.

“कोण परत आली तरी?” तिनं विचारलं.

त्यानं डोळे उघडले आणि तो कानापर्यंत लाल झाला. “माफ करा. राणी... म्हणजे नाटकातली. पाठांतर चाललं होतं.”

“मग ठीक आहे. मी वकील आहे. बायकोला घराबाहेर काढणाऱ्यांच्या केसेस रोज बघते. म्हटलं, एक शेजारीच बसलाय की काय!”

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय होती.

त्याचं नाव विश्वजित. नोकरी साताऱ्याच्या एमआयडीसीत, घर सांगलीला. दर शनिवारी सांगलीत नाटकाची तालीम असायची, राज्य नाट्य स्पर्धेसाठी. नाटक जुनं होतं, आजोबा-पणजोबांच्या काळातली शोकांतिका, आणि त्यात तो राजा होता. राजेश्वरी शिराळ्याजवळच्या गावची. साताऱ्याच्या कोर्टात वकिली करायची आणि शनिवारी घरी जायची. पेठ नाक्याला उतरलं की तिचे आबा मोटारसायकल घेऊन उभे असत.

“पण राजा दरवाजे का लावतो?” तिनं विचारलं. तिला कुठल्याही गोष्टीत आधी ‘का’ दिसायचं.

“ज्योतिष्यानं सांगितलेलं असतं, राणीमुळे गड पडेल. पुढे राणीच्या माहेरचं सैन्य गडाला वेढा घालतं. ती तह करायला वडिलांच्या छावणीत जायला निघते. जाताना एवढंच म्हणते, ‘जाते.’ राजा काही बोलत नाही. ती गेल्यावर दरवाजे लावून घेतो. ती तह करून परत येते, रात्रभर दार ठोठावते... आणि दाराबाहेरच मरते. तहही मोडतो, गडही पडतो.”

“आणि दोष कुणाचा?”

“नशिबाचा. भविष्य होतं ना.”

“वा! आमच्या कोर्टात असं म्हणून बघा. ‘साहेब, मी नाही, नशिबानं दार लावलं.’”

कराड येईपर्यंत दोघं भांडत होते. त्याचं म्हणणं, नियतीपुढे माणूस काय करणार. तिचं म्हणणं, हाताला कडी लागली तेव्हा नियती कुठं होती? हात कुणाचा होता? पेठ नाका आला तेव्हा वाद अर्धाच राहिला होता. उरलेला अर्थातच पुढच्या शनिवारी न्यायचा होता.

पुढच्या शनिवारी दोघंही स्टँडवर लवकर आले. लवकर का आलो, हे कुणीच कुणाला सांगितलं नाही.

“विचार केला मी,” बसल्याबसल्या ती म्हणाली. “राजा संशयी आहे.”

“नाही हो. त्याचं तिच्यावर लय प्रेम आहे.”

“मग विचारत का नाही तिला? कुठं निघालीस, परत येणार का... एक प्रश्न! नाटक तिथंच संपलं असतं.”

“मग प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागतील.”

ती खळखळून हसली. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं, तशी तिनं तोंडावर ओढणी धरली. ओढणीच्या वर तिचे डोळे हसतच राहिले. विश्वजितला त्या दिवशी एकही वाक्य पाठ करता आलं नाही.

उसाचा हंगाम होता. हायवेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागायची, एसटी मागं रखडायची, उघड्या खिडकीतून कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड, करपट वास यायचा. बाकीचे प्रवासी घड्याळ बघून वैतागायचे. हे दोघं मात्र ट्रॉली दिसली की गप्पांचा नवा धागा काढायचे. बोलणं राजा-राणीचंच असायचं... पण ती बोलायला लागली की तो राजाला विसरायचा.

तालमीत मात्र काही जमत नव्हतं. दिग्दर्शक भाऊसो त्याला म्हणायचे, “आरं, तुझा राजा गप बसतो तवा कुनाचं तरी पत्र हरवल्यागत वाटतंय. राजा गप का हाय, ते तुला तरी म्हाईत हाय का?”

त्याला माहीत नव्हतं.

मग एका शनिवारी राजेश्वरी गप्प गप्प होती. कराड मागं पडल्यावर ती बाहेर बघत म्हणाली, “उद्या मला बघायला येणार आहेत.”

“हो?”

“मुलगा सैन्यात आहे. आबांना पसंत आहे. आबाही फौजेतलेच ना. सोमवारी सकाळी मी बसला बसायच्या आत हो की नाही ते सांगायचंय.” ती थांबली. “तुम्हाला काय वाटतं?”

विश्वजितच्या ओठांवर ‘नको’ आलं. त्यानं ते गिळलं. “चांगलंच आहे की. म्हणजे... नशिबात असेल तसं होईल.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तसं, नीट आणि जरा वेळ.

“हं,” ती म्हणाली.

पेठ नाका आला. कंडक्टर पुढून ओरडत होता, गर्दी दाराशी तुंबली होती. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. एरवी ती वळून ‘येते हं’ म्हणायची. आज पुढे तोंड करूनच म्हणाली,

“जाते.”

आणि उतरली.

डबल बेल झाली. विश्वजित रिकाम्या जागेकडे बघत बसला. जाते? आपल्याकडे कुणी जाते म्हणतं का? कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेल्यालाही ‘येतो’च म्हणायला लावतात. आणि तोंड सगळीकडे चालणाऱ्या ह्या मुलीला हे माहीत नसेल?

संध्याकाळी तालमीत राणीचं काम करणारी सोनिया त्याच्यासमोर उभी राहिली. पदर सावरला आणि म्हणाली, “जाते.”

“जाते म्हणू नये,” विश्वजितच्या तोंडून गेलं. “येते म्हणावं.”

सोनिया गोंधळली. भाऊसोंनी संहिता चाळली. “हे वाक्य कुठं हाय रं?”

“कुठंच नाही. तेच तर!” तो भराभर बोलायला लागला. “भाऊसो, आपल्यात कुणी जाते म्हटलं की घरातलं लहान पोरसुद्धा टोकतं, ‘येते म्हण.’ राणीला ते माहीत आहे. ती मुद्दाम जाते म्हणते. त्यानं टोकावं म्हणून! ती वाट बघते त्या एका शब्दाची. आणि हा... ह्याला नशीब म्हणतो. हा नुसता भित्रा आहे. विचारलं आणि नको तेच उत्तर आलं तर?”

मग भाऊसोंनी मांडीवर थाप मारली. “लय भारी गड्या! ते वाक्य म्हनायचं न्हाई. पन तू ते गिळताना मला दिसलं पायजे.” त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. “आन घरच्या नाटकात गिळू नगंस.”

सोमवारी भल्या सकाळी विश्वजित सांगलीहून सातारच्या एसटीत बसला आणि पेठ नाक्यालाच उतरला. धुकं होतं. चहाच्या गाड्याजवळ तो हात खिशात घालून उभा राहिला. थोड्या वेळानं मोटारसायकल आली. पुढे कानाला मफलर बांधलेले आबा, मागे राजेश्वरी.

ती खाली उतरली आणि त्याला बघून जागीच थांबली. “तुम्ही? इथं?”

“शनिवारी तुम्ही जाते म्हणालात.”

“कधी?”

“उतरताना.”

तिनं कपाळाला आठ्या घालून आठवलं. आणि मग जे हसायला लागली... “अहो, ते कंडक्टरला! तो ओरडत होता ना, ‘खाली जातंय का कोन?’ त्याला म्हटलं, जाते! तुमच्याशी तर मी बोलतच नव्हते. रागावले होते.”

विश्वजितचा चेहरा उतरला. एवढा लावलेला अर्थ... आणि तो कंडक्टरचा!

“म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते,” तो म्हणाला. “मग... चालू द्या.”

“थांबा.” तिचं हसू थांबलं होतं. “समजा, तुम्हाला म्हटलं असतं. तर?”

“तर म्हणालो असतो, येते म्हणा.”

“आणि त्याचा अर्थ?”

त्यानं मान खाली घातली. मग वर केली. “राजेश्वरी, मला तुम्ही आवडता. याचा अर्थ लावावा लागणार नाही, म्हणून सरळ सांगतोय. आता हो म्हणा, नाही म्हणा. पण मी विचारलं नाही, असं नको व्हायला.”

तिच्या पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब बसले होते. तिनं ते पुसले नाहीत.

“कोन हाय गं हा?” मागून आबांचा आवाज आला.

“आबा, हे...”

“व्हय, ऐकलं मी. तोफखान्यात हुतो, तरी एवढं ऐकू येतंय अजून.” त्यांनी मफलर सोडला आणि विश्वजितला बुटापासून केसापर्यंत न्याहाळलं. “कालच्या पावन्यास्नी काय कळवू मग?”

“नको म्हणून कळवा,” ती म्हणाली.

“आन का, म्हनून इचारलं तर?”

राजेश्वरीनं विश्वजितकडे पाहिलं. इतके दिवस दुसऱ्यांना ‘का’ विचारणाऱ्या मुलीला स्वतःचं ‘का’ सापडेना. गालावर लाली मात्र चढत होती.

“अजून मलाच नीट कळलं नाही, आबा,” ती हळूच म्हणाली. “शोधतेय.”

सातारची एसटी लागली. आबांनी तिची पिशवी विश्वजितच्या हातात दिली.

“नाव काय म्हनायचं तुमचं?”

“विश्वजित.”

“हं. तर विश्वजितराव, ह्या शनवारी सांगलीचं तिकीट काढू नगा. पेठ नाक्यापातूरच काढा. च्या घ्यायला घरी या. म्होरलं म्होरं बघू.”